ताबुरिएंतेच्या पाइनवनात

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला मी एकतीस वर्षं मुलांना पायनसच्या पानाचा आडवा छेद घ्यायला शिकवलं. साताऱ्यात पाइन कुठला मिळायला! हिमालयातल्या चीडाच्या सुया बाहेरून मागवायच्या आणि फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून पुरवून पुरवून वापरायच्या. त्या बरणीत पानांचा हिरवा रंग उतरून चहासारखा व्हायचा, वासही जायचा. पण छेद नीट पातळ आला की सूक्ष्मदर्शकाखाली सगळं दिसायचं. मधोमध दोन संवहनी पूल (अन्न-पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या मोळ्या), कडेनं राळेच्या नळ्या, आणि पाणी वाचवायला खोल खळग्यात बसवलेली पर्णरंध्रं. "सुया मोजा आधी," मी सांगायची. चीडाच्या एका जुडग्यात तीन सुया असतात.

हे शिकवता शिकवताच कधीतरी वाचलं होतं की आपल्या चीडाचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग हिमालयाच्या आसपास कुठेच नाही. तो आहे थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर, अटलांटिक महासागरातल्या कॅनरी बेटांवर. पायनस कॅनॅरिएन्सिस. त्यालाही तीनच सुया. या दोघांच्या शाखेतली झाडं एके काळी मधल्या मुलखातही होती, त्यांचे जीवाश्म दक्षिण युरोपात आणि तुर्कस्तानात सापडतात. आता उरले ते हे दोन भाऊ, एक या टोकाला, एक त्या टोकाला. वर्गात हे सांगताना दर वर्षी मला वाटायचं, त्या दुसऱ्या भावाला एकदा भेटायला हवं.

निवृत्तीनंतर तो योग आला. मुलगा माद्रिदला नोकरीला आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी आणि हे त्याच्याकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, "आई, एक आठवडा तुझा. कुठं जायचं बोल." मी म्हटलं, ला पाल्मा.

ला पाल्मा हे कॅनरी बेटांतलं वायव्येच्या कोपऱ्यातलं बेट. उत्तर-दक्षिण जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर लांब, पण मधला डोंगर २,४२६ मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सुमारे आठशे मीटर उंच, आणि तोही समुद्रातून थेट वर चढलेला. बेटाच्या मधोमध काल्देरा दे ताबुरिएंते नावाचं प्रचंड मोठं खोरं आहे. आठेक किलोमीटर रुंद, भोवती हजार-पंधराशे मीटरचे कडे, आणि आत पाइनचं रान. १९५४ मध्ये हा भाग राष्ट्रीय उद्यान झाला. ज्वालामुखीच्या कढईसारख्या खळग्याला भूगोलात 'काल्देरा' म्हणतात तो शब्द इथूनच जगभर गेला. मजा अशी की खुद्द ही काल्देरा स्फोटानं झालेली नाही. जुन्या ज्वालामुखीची एक बाजू ढासळून समुद्रात गेली आणि मग लाखो वर्षं पाण्यानं आतला डोंगर कोरून नेला, त्यातून ती झाली.

तयारी मुलानंच केली. काल्देराच्या काठावर ला कुम्ब्रेसिता नावाचा एक सज्जा आहे. तिथवर गाडी जाते, पण जागा मोजक्याच, म्हणून दिवस आणि वेळ आधी ऑनलाइन ठरवून घ्यावी लागते. खोऱ्याच्या पोटात तंबू टाकून राहायचं असेल तर उद्यानाचा परवाना लागतो. आम्ही राहणार नव्हतो, एका दिवसात चालून बाहेर पडणार होतो. त्याला परवाना नको, पण हवामान बघूनच सोडतात. हे सगळं ऐकताना मला कासची आठवण येत होती. कासला कुंपण आणि बुकिंग सुरू झालं तेव्हा आमच्या गावात किती जण चिडले होते! मी तेव्हाही त्या नियमांच्या बाजूनं भांडले होते.

एल पासो गावात उद्यानाचं माहिती केंद्र आहे. पहिल्याच सकाळी तिथं गेलो. टेबलामागच्या बाईंना मुलानं माझं वेड समजावून सांगितलं, ही वनस्पतिशास्त्राची शिक्षिका आहे वगैरे. त्या मनापासून खूश झाल्या, नकाशा उघडून वाट दाखवली. मग मी मुलाला विचारायला सांगितलं की एखादा जुडगा, जमिनीवर पडलेला, नमुना म्हणून नेला तर चालेल का. त्यांनी मान हलवली. पान, दगड, शंकू, काहीही नाही. पडलेलंही नाही. आवाजात जरासुद्धा तुसडेपणा नव्हता. माझा चेहरा उतरला असणार, कारण त्या पुढं म्हणाल्या, की हवं तितका वेळ बसून बघा, तिथं कुणी घाई करत नाही. आणि आजचा बेत मात्र रद्द करा, संध्याकाळपासून पावसाचा इशारा आहे.

वर पाऊस झाला की काल्देरातले सगळे ओढे एकाच घळीतून बाहेर पडतात, बारांको दे लास आंगुस्तियास. चालणाऱ्याची परतीची वाटही त्याच घळीतून. खाली ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो. सह्याद्रीतल्या घळी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. मी निमूट ऐकलं.

त्या बाईंनी दिवस फुकट जाऊ नये म्हणून एल पिलारला जा असं सुचवलं होतं, आणि आता वाटतं, बेत रद्द झाला हे बरंच झालं. एल पिलार हे दक्षिणेच्या डोंगरधारेवरचं पाइनचं रान, सुमारे १,४५० मीटरवर. खाली एल पासोत लख्ख ऊन होतं. वळणं घेत वर गेलो तसं धुकं लागलं. या बेटांवर ईशान्येचे व्यापारी वारे जवळजवळ वर्षभर वाहतात, समुद्रावरची वाफ घेऊन येतात आणि डोंगराला अडून ढगांचा एक थर करून बसतात. तो थर बरोबर रानाच्या उंचीवर असतो.

गाडीतून उतरलो तेव्हा पाऊस नव्हता. डांबरी रस्ता कोरडा होता, पण मोठ्या झाडांच्या फांद्या रस्त्यावर जिथवर आल्या होत्या तिथवर डांबर काळंभोर ओलं. जणू झाडाची सावली पाण्यानं रंगवली होती. त्या ओल्या भागात पाय ठेवला आणि डोक्यावर टपटप सुरू झालं. एक पाऊल मागं घेतलं की थांबायचं. हे म्हणाले, "अगं, झाडाखालीच पाऊस आहे!"

हेच वाचलेलं होतं, पण अंगावर घेतलं तेव्हा कळलं. या पाइनची सुई वीतभर, कधी त्याहून लांब असते, चीडासारखी खाली लोंबणारी. मी एक खालची फांदी न धरता जवळून पाहिली. प्रत्येक सुईच्या अंगावर बारीक थेंब मोत्यांच्या सरासारखे लागले होते. वाऱ्याची झुळूक आली की दोन थेंब एक व्हायचे, जड व्हायचे, सुईवरून घरंगळत टोकाशी यायचे. तिथं क्षणभर थबकायचे, मग पडायचे. तिन्ही सुया एका जुडग्यातून निघतात, तरी प्रत्येकीचा थेंब वेगळ्या वेळी पडत होता. असे लाखो जुडगे एका झाडाला. ते पाणी खालच्या वाळक्या सुयांच्या गादीत जिरतं, तिथून सच्छिद्र लाव्हात, आणि मग डोंगराच्या पोटात. तिथपर्यंत आडवे बोगदे खणून लोकांनी ते बाहेर काढलंय, त्यावर खालच्या केळीच्या बागा उभ्या आहेत. म्हणून इथं रान वाचवणं म्हणजे पाणी वाचवणं, हे शेतकऱ्यालाही कुणी पटवून द्यावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ला कुम्ब्रेसिताची आमची वेळ होती. हे गुडघ्यामुळे जास्त चालू शकत नाहीत, म्हणून हा दिवस खरं तर त्यांचा. १,२८७ मीटरवरच्या त्या खिंडीत उभं राहिलं की समोर सगळी काल्देरा उघडते. मला एकदम हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आठवला, पण तो चहूबाजूंनी गोल फिरवल्यासारखा. कड्यांवर उभे आडवे काळे पट्टे आहेत. लाव्हा खडकाच्या भेगेत शिरून थिजला की त्याची भिंत होते, डाइक म्हणतात. सह्याद्रीतही त्या आहेत. आपला बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, इथला काही लाखांचा. म्हाताऱ्या आजोबांच्या चेहऱ्याची ठेवण नातवंडात दिसावी तसं वाटलं. आणि त्या सरळ कड्यांवर, जिथं माती म्हणून काही नाहीच, तिथं खडकाच्या चिरेत मूळ घालून पाइन उभे. काही तर आडवे निघून मग वर वळलेले. ह्यांनी तासभर कठड्यापाशी बसून ते पाहिलं, एक अक्षर बोलले नाहीत. डोक्यावर लाल चोचीच्या काळ्या पक्ष्यांचे थवे ओरडत घिरट्या घालत होते. इथं त्यांना ग्राहा म्हणतात. सगळ्या कॅनरी बेटांत हे पक्षी फक्त ला पाल्मावर आहेत.

तिसऱ्या दिवशी आकाश मोकळं झालं आणि वाट उघडली.

पद्धत अशी आहे. आपली गाडी घळीच्या तळाशी, लास होयासच्या वाळवंटात लावायची. तिथून टॅक्सीवाले चार-पाच जणांना मिळून वर लोस ब्रेसितोसला सोडतात. मग पायी रानातून खोऱ्याच्या पोटात उतरायचं आणि घळीतून चालत पुन्हा गाडीपाशी यायचं. सगळं मिळून तेरा-चौदा किलोमीटर, उतार सुमारे आठशे मीटरचा. मी, मुलगा आणि सून असे तिघं निघालो. हे खाली लोस यानोसला बाजारात थांबले.

लोस ब्रेसितोसला टॅक्सीचं दार उघडलं आणि वास आला. एकतीस वर्षं मी याच्या भावाचं पान कापलं, पण हा वास मला माहीत नव्हता. उन्हानं तापलेली राळ, थोडा धूप, थोडं लिंबाचं साल. मी तिथंच उभी राहिले. सून म्हणाली, "आई, बसायचंय का?" मी नुसती मान हलवली.

वाट पहिले दोन तास कड्याच्या पोटाला धरून जाते. पायाखाली वाळक्या सुयांचा थर. त्याला इथं पिनोचा म्हणतात. पूर्वी लोक तो गोळा करून गोठ्यात अंथरायचे, केळी बांधायलाही वापरायचे. त्यावरून पाय फार सटकतो, हातात काठी हवीच. या थरामुळे खाली फारसं काही उगवत नाही, पण जिथं ऊन पडतं तिथं आमागान्तेची झुडपं फुललेली होती, चुरगळलेल्या कागदासारख्या गुलाबी पाकळ्यांची. मधे मधे लाकडी साकव, त्याखाली झुळझुळणारे ओहोळ. माणसांचा आवाज जवळजवळ नाही. निळसर पाठीचे फिंच पक्षी मात्र अगदी पायापाशी येत होते. सुनेनं डबा उघडला तेव्हा दोन तर हातावर येऊन बसले. खायला घालू नका अशी पाटी वाचलेली होती, म्हणून पोळीचा एक कणही खाली पडू दिला नाही.

एका वळणावर मी ज्यासाठी आले होते ते झाड भेटलं.

दोन माणसांच्या कवेत येणार नाही एवढं खोड. साल जाड, तळहाताएवढ्या चिपांची, एकावर एक बसवल्यासारखी. वरून तांबूस, पण चिपांच्या मधल्या भेगांत सगळीकडे कोळसा. बोट फिरवलं तर काळं झालं. जमिनीपासून माझ्या उंचीच्या दुप्पट वरपर्यंत ते जळलेलं होतं. आणि त्याच कोळशातून, खोडाच्या मधूनच, सुयांचे झुबके फुटलेले! बाटली घासायच्या ब्रशसारखे. काही जुने, गडद हिरवे. एक अगदी नवा, करंगळीएवढा, निळसर राखाडी. ती कोवळी पानं जुडग्यात नसतात, रोपट्यासारखी एकेकटी येतात.

बहुतेक पाइन मोठेपणी वणव्यात होरपळले की मरतात. हे झाड मरत नाही. त्याच्या जाड सालीखाली झोपलेले कोंब असतात. वरची सगळी पानं जळून गेली तरी खोड जगतं, आणि काही महिन्यांत ते कोंब जागे होतात. ज्वालामुखीच्या बेटावर लाखो वर्षं राहायचं तर आगीशी ओळख ठेवावीच लागली असणार. २०२३ च्या जुलैत बेटाच्या वायव्येला पुंतागोर्दाजवळ लागलेला वणवा हजारो हेक्टरांवर पसरला, पार उद्यानाच्या हद्दीत शिरला. त्या बाजूची झाडंही पुन्हा पालवली.

पण यावरून आग लागली तरी चालते असं कुणी समजू नये. खोड वाचतं, पण कोवळी रोपं जातात, पक्ष्यांची घरटी जातात, पिनोचाचा थर जातो आणि पुढच्या पावसात माती वाहून जाते. एकामागून एक वणवे लागले तर या झाडाचाही साठा संपतो. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री यवतेश्वरच्या, अजिंक्यताऱ्याच्या उतारांवर आगीच्या माळा दिसतात. गवत चांगलं येतं म्हणून लावतात. आमच्या झाडांना असे झोपलेले कोंब या ताकदीचे नाहीत. मी विद्यार्थ्यांना घेऊन फांद्यांच्या झोडण्यांनी वणवे विझवलेत, दुसऱ्या दिवशी जळालेली पाखरं उचललीत. ते झाड बघताना मला आनंद होत होता आणि घशात काहीतरी अडकतही होतं.

झाडाखाली बसले. पिनोचातून एक जुडगा उचलला. तीन सुया. तळाशी तपकिरी आवरण तसंच, चीडासारखं, गळून न पडलेलं. सुई बोटांत फिरवली तर तिच्या कडा लागत होत्या. भिंगातून पर्णरंध्रांच्या पांढऱ्या रेषा दिसल्या. छेद न घेताही आत काय आहे ते मला दिसत होतं. मुलानं फोटो काढला. मग जुडगा जिथून घेतला होता तिथंच ठेवला. त्या बाई म्हणाल्या होत्या तसं खरंच कुणी घाई केली नाही. अर्धा तास तरी बसले असेन.

पुढं ताबुरिएंतेच्या ओढ्यापाशी वाट उतरली. तिथं विलोच्या झुडपांत, गोट्यांवर बसून जेवलो, पाण्यात पाय सोडले. मग चढ-उतार करत एका धारेवर आलो आणि समोर रोके इदाफे दिसला, घळीतून वर आलेला दगडी सुळका. स्पॅनिश लोक यायच्या आधी इथले मूळ रहिवासी, बेनाओआरिता, या सुळक्याला पूजायचे. तो कोसळेल अशी त्यांना भीती होती, म्हणून कापलेल्या जनावराची आतडी त्याला वाहायचे. दोघं जण जायचे. एक म्हणायचा, इदाफे पडेल. दुसरा म्हणायचा, आणलंय ते त्याला दे, मग नाही पडणार. ऐकून मला आमच्या डोंगरातल्या म्हसोबाचा नैवेद्य आठवला. याच खोऱ्यात १४९३ पर्यंत तानाउसू नावाच्या त्यांच्या नायकानं स्पॅनिश फौजेला थोपवून धरलं. बोलणी करू म्हणून बोलावून त्याला पकडलं. स्पेनला नेताना जहाजावर त्यानं अन्न सोडलं आणि जीव दिला. सुळका अजून उभा आहे.

त्यानंतरचा उतार म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. माझे पाय सह्याद्रीत तयार झालेले, तरी खाली दोस आगुआसला पोचेपर्यंत मांड्या थरथरत होत्या. इथं दोन ओढे मिळतात, एकाचं पाणी स्वच्छ आणि दुसऱ्याचं लोहामुळे तांबूस पिवळं. शेवटचे दोन तास घळीच्या पात्रातूनच, धोंड्यांवरून, आठ-दहा वेळा पाणी ओलांडत. एका धोंड्यावरून माझा पाय सरकला आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. लागलं नाही, पण अशा ठिकाणी लोंढा आला असता तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहिला नाही. साडेपाचला गाडीपाशी आलो.

निघायच्या आदल्या दिवशी ताहोगाइतेला गेलो. हा बेटावरचा सर्वांत नवा ज्वालामुखी. १९ सप्टेंबर २०२१ ला फुटला आणि १३ डिसेंबरपर्यंत धुमसत राहिला. खालची वस्ती, घरं, शाळा, केळीच्या बागा लाव्हाखाली गेल्या, हजारो माणसांना घरं सोडावी लागली. त्याच्या जवळ परवानाधारक वाटाड्याबरोबरच जाता येतं. आमच्या वाटाड्याच्या मावशीचं घर त्यात गेलं होतं. तो ते फार न बोलता, एकदाच, हात करून सांगून गेला.

ज्वालामुखीच्या शंकूच्या आसपास जमीन नुसती काळी राख. चालताना पाय रुततो, चुरचुर आवाज येतो. त्या राखेत पाइनचं रान उभं आहे. कित्येक झाडांची खोडं राखेत बुडालेली, त्यामुळे फांद्या एकदम जमिनीतूनच आल्यासारख्या वाटतात. विषारी वायूंनी त्या वेळी ही सगळी झाडं पिवळी पडून वाळली होती, वाटाड्यानं तेव्हाचे फोटो दाखवले. तो म्हणाला, आम्हाला वाटलं गेलं हे रान.

मी जवळच्या एका झाडापाशी गेले. वरच्या फांद्या वाळक्याच होत्या. पण खोडाला तेच ब्रशसारखे झुबके होते, आणि बुंध्याशी, राखेतून वर आलेलं, बोटभर उंचीचं एक रोप. निळसर, एकेकट्या पानांचं. वाटाड्यानं भोवतीनं चार दगड मांडून ठेवले होते, कुणाचा पाय पडू नये म्हणून.